नागपुरात पाण्याकाठच्या जुन्या बागेत डबा पार्टी करायची तर

नाग नदीवरून शहराला नाव मिळाले, पण शहराच्या मधल्या भागात तिच्या काठी सतरंजी अंथरून जेवावे अशी आज परिस्थिती नाही. वस्त्यांचे सांडपाणी तिच्यात येते. प्रदूषण निवारणाच्या सुमारे १,९२७ कोटींच्या प्रकल्पाचे भूमिपूजन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले खरे, पण हा वास एका हिवाळ्यात जाणारा नाही. नदीकाठची बाग म्हणून नागपूरकर पिढ्यान् पिढ्या गेले ते नदीला पाणी देणाऱ्या तलावांवर आणि नाल्याकाठच्या भोसलेकालीन बागांत. आजही तिथेच जावे. फक्त एक हिशेब डोक्यात पक्का ठेवावा: पंगत वरच्या अंगाला, फेरफटका खालच्या अंगाला. पाणी पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. जितके पूर्वेला सरकाल तितका वास, डास आणि गर्दी वाढते.

जागा: पाण्याच्या वाटेने निवडा

सगळ्यात वर अंबाझरी. हा तलाव १८७० साली शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला आणि त्या काळी इथून मातीच्या नळांनी पाणी जायचे. बांधाखालचे अंबाझरी उद्यान १९५८ चे. जुन्या मंडळींच्या डोक्यात सहल म्हणजे हेच उद्यान असते. पण विकासाच्या कामांमुळे ते गेल्या काही वर्षांत बराच काळ बंद राहिले आहे, त्यामुळे ‘लहानपणी जायचो’ या भरवशावर तीस माणसांना बोलावू नका. आठवडाभर आधी दारापर्यंत जाऊन फाटक उघडे आहे का ते पाहा. तलावाच्या पलीकडे वन विभागाचे अंबाझरी जैवविविधता उद्यान आहे, साडेसातशे हेक्टरांच्या आसपास. गवताळ माळ, झुडपी जंगल, सायकलवाट आणि पाणपक्षी यांसाठी तिथे सकाळी जावे. पंगतीची ती जागा नव्हे. आत काय नेता येते हे तिकीट काढण्याआधीच विचारून घ्या.

त्यानंतर तेलंगखेडी आणि फुटाळा. तलाव भोसल्यांच्या काळातला, सुमारे साठ एकरांचा. तीन बाजूंना झाडी, चौथ्या बाजूला चौपाटी. संध्याकाळी चौपाटीवर मक्याचे कणीस खायला सगळे शहर लोटते, म्हणून मोठ्या कुटुंबाने चौपाटीचा नाद सोडावा आणि सकाळी तेलंगखेडीच्या बागेत बसावे. ज्येष्ठ आणि लहान मुले दोन्ही असलेल्या पंगतीला हीच जागा सर्वात बरी. रस्ता जवळ, चालणे कमी, पाणी नजरेसमोर आणि तरीही हाताच्या अंतरावर नाही.

महाराजबाग म्हणजे मधला टप्पा. भोसल्यांची बाग, १८९४ पासूनचे प्राणिसंग्रहालय, आणि आता कृषी महाविद्यालयाच्या ताब्यात. बागेतून वाहणारा नाला पुढे नाग नदीच्या प्रवाहात मिसळतो. सावली उत्तम, झाडे जुनी. दहा-बारा जणांनी डबे उघडायला छान. चाळीस जणांचा गोतावळा इथे आणला तर पिंजऱ्यातल्या प्राण्यांनाही त्रास आणि तुम्हालाही. प्राणिसंग्रहालयाला सोमवारी सुटी असते. हे विसरून सोमवारी बच्चेकंपनी घेऊन आलेली एखादी गाडी फाटकावर हमखास दिसते.

सर्वात खाली गांधीसागर, म्हणजे जुना जुम्मा तलाव किंवा शुक्रवारी तलाव. चौकोनी बांधीव काठ, दगडी भिंती, लोखंडी कठडे, मधल्या बेटावर मंदिर. इथे जेवायला बसू नका, पाहायला जा. समोरच १९९२ पासूनचे रामन विज्ञान केंद्र आहे, मुलांचे दोन तास सहज जातात. जुन्या शुक्रवारीत काशीबाईच्या मंदिराच्या आवारात भोसल्यांच्या समाध्या आहेत. दगडी कोरीवकाम पाहायची हौस असेल तर हा अर्धा तास राखून ठेवा.

माणसांचा हिशेब असा लावा: बारा जणांपर्यंत असाल तर गांधीसागर सोडून कुठेही, बारा ते चाळीस असाल तर तेलंगखेडी, किंवा अंबाझरी उद्यान उघडे असल्यास तिथे, पण परवानगी घेऊन, चाळीसच्या वर असाल तर सार्वजनिक बागेचा हट्ट सोडा आणि शहराबाहेरचे एखादे शेत किंवा लॉन पाहा. चाळिसाच्या पुढे स्वच्छतागृहाची रांगच सहलीचा मुख्य कार्यक्रम होऊन बसते.

दिवस: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पण सगळे दिवस सारखे नाहीत

नागपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. तेव्हा बागेत जायचे तर सकाळी सहा ते साडेआठ एवढीच खिडकी. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर पाऊस. उरला हिवाळा, आणि त्यातही काही तारखा टाळायच्या.

दिवाळीनंतरच्या छठपूजेला अंबाझरी आणि फुटाळ्याच्या काठांवर पाय ठेवायला जागा नसते. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून लोक येतात आणि त्या बाजूची वाहतूक वळवलेली असते. तेव्हा त्या रस्त्याने स्वयंपाकाचे गंज (मोठी पातेली) घेऊन निघू नये. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की सीताबर्डी, झिरो माइल आणि सिव्हिल लाइन्सकडे मोर्चे आणि कठडे असतात. महाराजबाग नेमकी याच पट्ट्यात येते, म्हणून अधिवेशनाच्या काळात तिथे फक्त शनिवारी-रविवारी जावे. कार्तिकात आवळी भोजनामुळे आवळ्याची झाडे असलेल्या बागा भरतात. आवळ्याखालीच बसायचे असेल तर नवमीचा दिवस सोडून त्याच आठवड्यातला मधला वार घ्या.

जानेवारीची वेगळीच भानगड. संक्रांतीच्या आधी दोन-तीन आठवडे शहरभर पतंग असतात आणि बंदी असूनही नायलॉन मांजा वापरला जातो. दुचाकीवरून येणाऱ्यांना गळ्याभोवती जाड रुमाल किंवा मफलर आणि हेल्मेटची काच खाली, असे निरोपातच लिहून कळवा. लहान मुलाला टाकीवर पुढे बसवू नये. बागेत झाडावर अडकलेला मांजा मुलांनी ओढू नये, बोट कापते.

परवानगी

पंधरा दिवस आधी अर्ज. बाग कुणाची ते आधी बघा. महापालिकेची असेल तर उद्यान विभाग किंवा त्या भागाचे झोन कार्यालय. नागपूर सुधार प्रन्यासची असेल तर प्रन्यास. महाराजबागेसाठी तिथलेच व्यवस्थापन. जैवविविधता उद्यानासाठी वन विभाग. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज तिथेच राहतो आणि दिवस जवळ आला की धावपळ होते.

अर्जात पाच गोष्टी असाव्यात: तारीख आणि नेमके तास, माणसांची संख्या, जेवण शिजवून आणणार आणि चूल पेटवणार नाही, मंडप-खुंट्या ठोकणार नाही, कचरा स्वतः उचलणार. शेवटच्या दोन ओळी लिहिल्या की नकार सहसा येत नाही, कारण बागेच्या माणसांना भीती त्याचीच असते. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या आणि ती प्रत सहलीच्या दिवशी खिशात ठेवा. पहारेकरी बदललेला असतो, तोंडी ओळख कामाला येत नाही. माइक लावायचा असेल तर पोलिसांची वेगळी परवानगी लागते; रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक चालत नाही. महाराजबागेत तर छोटा स्पीकरसुद्धा नेऊ नका.

पाहणी: चार दिवस आधी, त्याच वेळेला

दुपारी बाराला बसायचे असेल तर पाहणीही दुपारी बारालाच. सकाळी आठला पाहिलेली जागा बाराला उन्हात असते.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. डिसेंबरात नागपुरात भर दुपारी, म्हणजे साधारण बारा वाजून दहा मिनिटांनी, तो क्षितिजापासून फक्त पंचेचाळीस अंश वर असतो. म्हणजे झाडाची सावली झाडाच्या उंचीएवढी लांब आणि थेट उत्तरेकडे पडते. वीस फुटांवर डेरा असलेल्या झाडाची दाट सावली बुंध्याशी नसून उत्तरेला वीसेक फुटांवर असते. लोक बुंध्याला टेकून बसतात आणि अर्ध्या तासात उन्हात येतात, ते यामुळेच. पुढच्या दोन तासांत ही सावली पंधराएक फूट पूर्वेकडे सरकते. म्हणून सतरंज्या झाडाच्या उत्तरेला टाका आणि पूर्वेची बाजू मोकळी सोडा, म्हणजे पंगत उठवावी न लागता बाजूला सरकते. मेमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा मात्र बुंध्याशीच बसावे.

सहा बाय नऊ फुटांच्या सतरंजीवर आठ माणसे मांडी घालून जेवतात. तीस जणांना अशा चार पुरतात. त्यांखाली जाड प्लास्टिकचा कागद हवा, कारण पहाटेच्या दवाने गवत दहापर्यंत ओले असते आणि ओल सतरंजीत चढते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी घडीच्या चार-पाच खुर्च्या वेगळ्या.

वारा बघायची युक्ती सोपी: चिमूटभर वाळके गवत खांद्याच्या उंचीवरून सोडा. ते पाण्याकडून तुमच्याकडे येत असेल आणि पाण्यावर जलपर्णी किंवा शेवाळ असेल, तर जेवताना वास येणार. जागा वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला घ्या.

मग मान वर करून झाडे नीट पाहा. मोठ्या फांदीला खाली अर्धगोल काळपट पोळे लटकलेले दिसले तर ते आग्या मोहोळ. त्या झाडापासून शंभर-दीडशे फूट लांब राहा आणि मुलांना ताकीद द्या. धूर, अगरबत्ती, उग्र अत्तर आणि एखादा दगड, एवढ्याने माश्या उठतात. उठल्याच तर हात झाडत उभे न राहता तोंड झाकून गाडीत किंवा इमारतीत पळा. पाण्यात उडी मारू नका. नांगी अडकली असेल तर ती लगेच नखाने किंवा कार्डाच्या कडेने खरवडून काढा. जास्त डंख झाले असतील, श्वास लागला किंवा ओठ सुजले तर थेट दवाखाना.

स्वच्छतागृह आणि पिण्याच्या पाण्याचा नळ पाहणीच्या दिवशी वापरून बघा. पाटी लावलेली आहे म्हणजे आत पाणी आहे असे नसते.

पाणी आणि जेवण, तीस जणांसाठी

हिवाळ्यात पाच तासांना माणशी सव्वा लिटर पिण्याचे पाणी. म्हणजे वीस लिटरच्या दोन कॅन. हात धुवायला तिसरी, तिच्यावर वेगळी खूण. एकाच कॅनला दोन्ही कामे लावली की दीड वाजता पिण्याचे पाणी संपते.

नाश्त्याला तर्री पोहा (पोह्यांवर चण्याचा झणझणीत रस्सा) नसेल तर नागपुरातल्या सहलीला कुणी सहल म्हणत नाही. पोहे माणशी नव्वद ग्रॅम, म्हणजे पावणेतीन किलो, जाडेच. तर्रीसाठी एक किलो काळा चणा रात्रभर भिजवून. पोहे घरून नेताना नेहमीपेक्षा जरा ओलसर ठेवा आणि गंजावर ओला फडका टाकून झाकण लावा. कोरडे नेले तर पोचेपर्यंत घशात अडकतात. तर्री दुधाच्या पाच लिटरच्या दोन कॅनमध्ये, पाऊण भागच भरून. काठोकाठ भरली की पहिल्या गतिरोधकावर गाडीची सीट लाल होते. झाकणाखाली रबराची चकती आहे का ते आदल्या रात्री तपासा. कांदा आणि सांबार (कोथिंबीर) जागेवरच चिरायचे.

जेवणाला रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे जाड गोळे) आणि वांग्याची भाजी. गोवऱ्यांची भट्टी बागेत लावता येत नाही आणि लावूही नये, म्हणून रोडगे सकाळी अंगणात भाजून, तुपात बुडवून, कपड्यात गुंडाळून न्यायचे. पाच-सहा तास ते चांगले राहतात, पोळ्यांसारखे चामट होत नाहीत. जाड दळलेली कणिक पाच किलो, म्हणजे माणशी दोन. वांगी पाच किलो, साजूक तूप एक किलो. वरण हवेच असेल तर घट्ट न्या, पातळ करायला गरम पाणी थर्मासमध्ये. ताक शेवटी वाटायचे आणि आंबट होऊ नये म्हणून मीठ-जिरे तिथेच घालायचे. सांबारवडी माणशी दोन पुरते. तळून गरम असताना डब्यात कोंबली तर वाफेने मऊ पडते, म्हणून गार करून कागदावर ठेवा. सावजी रस्सा न्यायचा मोह आवरा. तेलाचे डाग निघत नाहीत आणि उन्हात बसून तो झेपत नाही.

सकाळी आठला शिजवलेले बारा-साडेबारापर्यंत संपले पाहिजे. त्यानंतर उरलेले पुन्हा वाटायचे नाही, विशेषतः भात आणि चणा.

संत्री माणशी दोन, पाच डझन. आंबिया बहाराची डिसेंबरापर्यंत मिळतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून. मधल्या जानेवारीत भाव आणि गोडी दोन्ही एकदा चाखून ठरवा. पत्रावळी-द्रोण पळसाच्या पानांचे घ्या. एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण त्याहून खरे कारण असे की तर्रीच्या वजनाने कागदी द्रोण खाली फुटतो आणि पळसाचा फुटत नाही. एका द्रोणात दुसरा घालून द्यावा.

पाण्यापाशी

अंबाझरीच्या बांधाचे दगड शेवाळाने निसरडे असतात आणि काठाखालचा उतार वरून दिसत नाही. पोहता येणारेही इथे अडकतात, कारण तळाशी गाळ आणि जलपर्णीच्या मुळांचा गुंता. मुलांच्या मागे नेमून दिलेली दोन मोठी माणसे ठेवा, नावानिशी. ‘सगळे लक्ष ठेवू’ म्हणजे कुणीच लक्ष ठेवत नाही.

पावसाळ्यात किंवा सप्टेंबरच्या शेवटी जायचेच असेल तर २३ सप्टेंबर २०२३ आठवा. रात्रीतून काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरीच्या सांडव्यावरून पाणी आले आणि पहाटे अंबाझरी लेआउटपासून सीताबर्डीपर्यंतच्या सखल भागात घरात पाणी शिरले. यातून सहलीपुरता नियम एवढाच निघतो: तुमच्या डोक्यावर ऊन असले तरी वाडी-लाव्याच्या बाजूला, म्हणजे तलावाच्या वरच्या अंगाला पश्चिमेकडे, आभाळ काळे असेल तर सामान आवरा. विवेकानंद स्मारकाजवळचा सांडवा वाहताना पाहायला गर्दी करू नका, नाल्याकाठच्या रस्त्यावर गाडी उभी करू नका, आणि पुलावरून पाणी जात असेल तर ते घोट्याएवढे असले तरी ओलांडू नका.

दुपारनंतर

तेलंगखेडीत साडेबाराला पंगत उठली की मोठी भांडी आणि ज्येष्ठ एका गाडीने घरी, बाकीच्यांनी खालच्या अंगाला फेरफटका. अंबाझरीला सकाळी मेट्रोने येणाऱ्यांसाठी अॅक्वा मार्गावरचे सुभाष नगर स्टेशन सोयीचे. महाराजबागेला झाशी राणी चौकातून पंधरा मिनिटांची चाल. तिथून सीताबर्डीला येऊन पुढे कॉटन मार्केट स्टेशनला उतरले की गांधीसागर आणि रामन विज्ञान केंद्र. महाराजबाग आणि विज्ञान केंद्र दोन्ही एका दुपारी करू नका. सहा वर्षांखालची मुले असतील तर पहिले, वरची असतील तर दुसरे. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि तलावाकाठी लगेच डास उठतात, म्हणून सव्वापाचला काठ सोडावा.

उठताना

पंगत संपल्यावर नाही, पंगत चालू असतानाच दोन पोती उघडी ठेवा: एकात ओले, एकात सुके. पत्रावळी ओल्यात जातात. संत्र्याच्या साली वेगळ्या पिशवीत, घरी कुंडीत किंवा खतात कामी येतात. माशांना म्हणून तलावात टाकू नयेत, त्या कुजतात. उरलेले अन्न कुत्र्यांना बागेतच टाकले की पुढच्या कुटुंबाच्या डब्यावर तीच कुत्री झेप घेतात, आणि हरणांना पोळी घातली तर त्यांचे पोट बिघडते. बागेची कचरापेटी रविवारी दुपारीच भरलेली असते, तेव्हा पोती गाडीत घालून न्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरासमोर येणाऱ्या कचरागाडीत ओले-सुके सांगून द्या.